दोन बोटे अक्रोड

तिसरी गोळीही तिथेच लागली.

वारुळाच्या आडून एलियास बाहेर आला, शंभर पावलांवरच्या पुठ्ठ्यापाशी गेला आणि त्याने उजव्या हाताची वीत उघडून हवेत उभी धरली. मध्यापासून इतकी वर. मग तीन बोटे एकत्र आणून दाखवली; तिन्ही भोके एकमेकांना चिकटलेली. कोरड्या नदीच्या वाळूत जूनमधल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, पहाटेची थंडी अजून मुरलेली होती आणि काठावरच्या बाभळींच्या सावल्या पात्र ओलांडून पलीकडच्या कुंपणाच्या तारांत अडकल्या होत्या.

सिग्रिडने रायफल वाळूच्या पिशवीवर आडवी ठेवली. तिच्या वरच्या ओठावर काहीतरी उबदार उतरत होते. बंदुकीच्या प्रत्येक लाथेसरशी तिच्याच डाव्या अंगठ्याचे हाड तिच्याच नाकावर आदळत होते.

"फुटलं ना नाक," एलियास जवळ येत म्हणाला. "म्हाताऱ्या मालकांनी तीस वर्षं ही चालवली. त्यांचं कधी फुटलं नाही. आणि नाक तर तुमच्यापेक्षा मोठं होतं त्यांचं, छोट्या बाई."

"चव्वेचाळीस वर्षांची झाले मी, एलियास. छोटी काय?"

"मोठ्या बाई घरात आहेत. त्या असेपर्यंत तुम्ही छोट्याच."

त्याने खिशातला रुमाल काढून दिला. त्याच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत चार पांढऱ्या रेघा उतरल्या होत्या. ओकोम्बारेच्या या शेतावर आता त्यांच्याकडे कुणी पाहत नसे, पण ही रायफल त्या रेघांतूनच जन्मली होती. तेव्हा तिचा बाप फोल्कमार ब्रोकमान उजव्यांसाठी घडवलेली बंदूक डाव्या खांद्यावरून चालवत असे. पहिल्या गोळीनंतर बोल्ट ओढायला त्याचा डावा हात बंदुकीवरून पलीकडे जाई, डोळा निशाणावरून हले. जखमी बिबळ्याला एवढा अवधी पुरेसा होता. एलियास दवाखान्यातून परतला त्याच आठवड्यात फोल्कमारने आरशात पाहून घडवावी तशी उलटी बंदूक मागवली. बोल्ट डावीकडे, अक्रोडी दस्ता डाव्या गालाकडे झुकलेला, रिकामे काडतूसही डावीकडेच उडणारे. ती यायला दोन वर्षे लागली. त्यानंतर हिवाळ्याचे पहिले एलँड, ते बैलाएवढे हरीण ज्याच्या सुकवलेल्या मांसावर हे घर वर्ष काढी, तिच्याशिवाय कधी पडले नाही.

गेला हिवाळा सोडून. गेल्या वर्षी मार्चमध्ये फोल्कमार गेला आणि त्या जूनमध्ये कुणी बंदूक कपाटाबाहेर काढली नाही.

होल्गरची गाडी पात्राच्या कडेला थांबली. तो उतरला, त्याने पुठ्ठ्याकडे पाहिले, बहिणीच्या नाकाकडे पाहिले.

"परत वीतभर?"

"परत तिथेच," सिग्रिड म्हणाली. "तिथेच, होल्गर. बिघडलेली बंदूक गोळ्या उधळते. ही तिन्ही वेळा एकाच जागी गेली."

"एकाच जागी चुकली म्हणजे बरोबर झाली का? तू शहरात लोकांचे दात बसवतेस. तिथं चालत असेल असं."

"तिथं तर मुळीच चालत नाही."

"मग आज चारच्या कॉफीपर्यंत बघ. ठरलंय तसं. सरळ लागली तर उद्याचं एलँड तू मार आणि बंदूक तुझ्या नावावर. नाहीतर रविवारी डॉक्टर येतायत, ते घेऊन जातील. महिनाअखेर परवाना कुणाच्या तरी नावानं व्हायलाच हवा. फॉर्म आईपुढे ठेवलाय, नावाची जागा तेवढी कोरी आहे."

डॉक्टर म्हणजे बव्हेरियाचे एक डावखुरे पाहुणे. फोल्कमारबरोबर अकरा हिवाळे ते शिकारीला आले होते आणि या बंदुकीवर त्यांचा पहिल्या वर्षापासून डोळा होता.

"आणि हेही सांगून ठेवतो," होल्गर म्हणाला, आणि त्याने कोटाच्या खिशातून एक गोष्ट काढून वाळूच्या पिशवीवर ठेवली. अक्रोडाच्या लाकडाचा तुकडा होता. दोन बोटे जाड, तळहाताएवढा लांब, एका अंगाला तेल पिऊन काळसर चमकणारा. "बाबांनी शेवटच्या वर्षात दस्ता कापला. खणात सापडला मला. कापून वर नवी रबरी गादी बसवली, म्हणून कुणाला दिसलं नाही. त्यांना शेवटी शेवटी कळत नव्हतं ते काय करतायत. डॉक्टरांना मूळची लांबी हवीय, ते यायच्या आधी चिकटवून घेणार आहे."

सिग्रिडने तुकडा उचलला. करवतीची बाजू तिने अंगठ्याने चाचपली.

"कळत नसणाऱ्या माणसाचा हात इतका सरळ चालत नाही," ती हळूच म्हणाली.

आणि त्याच क्षणी तिच्या मनात ती गोष्ट उजळली जी तिने नंतर दिवसभर स्वतःलाही शब्दांत सांगितली नाही. या घरात दुसरे डावखुरे कोण होते? बाबांच्या डावेपणाचा वारसा एकट्या तिला मिळाला होता, आणि तो घेऊन ती समुद्राकाठच्या धुक्याच्या गावी निघून गेली होती. तिकडच्या वीस वर्षांत त्यांनी फोनवर तिला हवा, पाऊस आणि गुरांखेरीज काही विचारले नव्हते. कदाचित त्यांनी विचारले ते या लाकडाला विचारले असेल. कदाचित त्यांनी तिच्यासाठीच करवत उचलली असेल.

तिने तुकडा छातीशी असलेल्या खिशात ठेवला. होल्गरने परत मागितला नाही.

*

कार्यशाळेत दुपार पत्र्यावरून आत ठिबकत होती. सिग्रिडने बंदुकीचे दोन्ही स्क्रू काढून नळी आणि लोखंड लाकडापासून वेगळे केले, मेणबत्ती पेटवली आणि तिच्या धुरावर लोखंडाचे पोट फिरवले. काजळी धरली. मग ते लोखंड तिने पुन्हा लाकडात बसवले, स्क्रू आवळले, काढले. लाकडावर जिथे काळे उमटले तिथे ते टेकत होते, जिथे उमटले नाही तिथे नव्हते. कवळी बसवतानाही ती हेच करी. रोग्याला निळा कागद चावायला देई आणि डाग सांगेल तिथे घासे. तोंड खोटे बोलते, डाग बोलत नाही.

इथले डाग निर्दोष होते. जिथे टेकायला हवे तिथेच आणि तेवढेच. नळीखालून कागदाची पट्टी टोकापासून मुळापर्यंत कुठेही न अडता सरकली. चाप तिने बोटाच्या पेराने दाबून पाहिला. बर्फाचा पातळ पापुद्रा मोडावा तसा तो स्वच्छ सुटला. ज्या माणसाला कळत नव्हते त्याने ही बंदूक तिच्या उभ्या आयुष्यात कधी नव्हती इतकी सुरेख करून ठेवली होती.

दस्त्याच्या वरच्या कडेला, गाल टेकतो तिथे, पेन्सिलीची एक बारीक रेघ होती. तेवढे छिलायचे राहून गेले होते.

तिने बंदूक जुळवली. डावा कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या लवणीत ठेवले आणि बोट चापाकडे नेले. बाप लेकरांची मापे अशीच घेत असे.

बोट चापाच्या पुढे निघून गेले. दोन बोटे पुढे.

तिने खिशातला तुकडा काढून मध्ये धरला. आता बोटाचे पहिले पेर चापावर अचूक आले.

तिने तुकडा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

होल्गर दारात आला तो तिला घाई करायला. पण तिच्या पाठीचा आकार पाहून तो उंबऱ्यावरच थबकला. त्याला ही बंदूक कधीच आवडली नाही अशी घरात समजूत होती आणि त्याने ती कधी खोडली नव्हती. पंधरा वर्षांचा असताना सगळे चर्चला गेले असता त्याने ती कपाटातून काढली होती, उजव्या खांद्याला लावली होती. दस्त्याचा फुगवटा त्याच्या गालाला दूर लोटत होता. बोल्ट हाताच्या पलीकडे होता. बापाच्या हाताच्या आकाराची एक जागा जगात होती आणि तिच्यात त्याचा हात बसत नव्हता. त्याने ती पुसून पुन्हा ठेवली, आणि त्यानंतर तीस वर्षे शेत, विहिरी, कुंपणे, गुरे, बापाचे आजारपण, सारे त्या न बसलेल्या हाताने सांभाळले.

"काय झालं?" त्याने विचारले.

"काही नाही."

"सिग्रिड."

"माझ्या मापाची नाहीये," ती मागे न वळता म्हणाली. "हे बघ. तुकडा लावला की माझं माप. काढला की नाही. म्हणजे मूळची होती ना, ती माझ्याच मापाची होती. माझी उंची बाबांचीच. माझ्यासाठी असती तर त्यांना काही करायचंच नव्हतं, नुसती हातात द्यायची होती."

होल्गर आत आला. मेणबत्ती त्याने दोन बोटांत चिमटून विझवली.

"मला वाटलं तुला आनंद होईल हे ऐकून," ती म्हणाली.

"मलाही वाटलं होतं." तो बाकावर टेकला. "तुला निदान हात तरी त्यांचा मिळाला. मला काय मिळालं? पंप."

तिला हसू आले, आणि हसताना नाक दुखले.

"पंप चांगला आहे," ती म्हणाली.

"पंप उत्तम आहे. मग कुणासाठी कापली त्यांनी?"

तिने खांदे उडवले. बाकाखालच्या खणातून कॉफीचा एक जुना डबा तिने मघाशीच काढून ठेवला होता. आत वीस काडतुसे होती, प्रत्येकाच्या बुडाला लाल रंगाचे कडे. तिने एक कानाशी हलवले. आत दारू खुळखुळली. पूर्ण भरलेल्या काडतुसात ती हलत नाही.

"हलकी आहेत," ती म्हणाली. "कमी दारूची. ही मारली तर गोळी खाली लागेल. वीतभर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बंदूक वर मारत नव्हती. तिचे निशाण या काडतुसांना बांधलेले होते.

"म्हणजे कमी लाथ," होल्गर सावकाश म्हणाला. "आखूड दस्ता आणि कमी लाथ."

बाहेरून त्याच्या बायकोची, मारेथाची, हाक आली. "कॉफी गार होतेय. केकही. बंदुकीला काय ते खाऊ घाला आणि या."

*

होल्गर-सिग्रिडची आई इर्मेला उजव्या हाताने कॉफी ओतत होती. डावा हात मांडीवर होता, बस म्हटल्यावर बसलेल्या कुत्र्यासारखा. सहाव्या वर्षी वसतिगृहातल्या सिस्टरने तो मोज्याने खुर्चीला बांधला होता. वर्षभरानंतर मोज्याची गरज उरली नाही. आता सत्तर वर्षांच्या वयात तो हात आपला आहे हे तिला फक्त एलँडच्या दिवशी आठवे, जेव्हा मांसाच्या पट्ट्या आकड्यांना टांगताना सुरी आपोआप डावीकडे जाई, आणि ती कुणी पाहण्याआधी परत उजवीकडे घेई.

वरांड्यात थंड, तिरपे ऊन होते. खुंटीवर फोल्कमारची टोपी, तिच्या उजव्या कडेला शेवटच्या एलँडची वाळकी डहाळी; शिकार पाडणाऱ्याला असा मान मिळे. पायरीवर एलियास आपला मग घेऊन बसला होता, नेहमीसारखा अर्धा आत, अर्धा बाहेर. समोर फॉर्म होता. नावाची जागा कोरी.

तिला ठाऊक होते की मुले तिच्या सहीची वाट पाहत आहेत. तिला हेही ठाऊक होते की तिला कुणी काही विचारणार नाही. असाच एक दिवस अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच टेबलाशी आला होता. तिने म्हटले होते, या वर्षी पहिले एलँड मी मारू का? सासरे हसले होते. बायकांनी मांस टांगावं, ते म्हणाले होते. आणि तिने नवऱ्याकडे पाहिले होते, आणि नवरा आपल्या कपात पाहत राहिला होता. त्यावर पुन्हा कधी बोलणे झाले नाही. संसारात अशा गोष्टी रुसून बसत नाहीत. त्या भांड्यांसोबत धुतल्या जातात, पुसल्या जातात आणि उद्यासाठी पुन्हा फळीवर ठेवल्या जातात.

मुले आली. सिग्रिडने डबा टेबलावर ठेवला.

"हे काय," मारेथा वाकून म्हणाली. "काडतुसांना नेलपॉलिश?"

"दमट हवेनं दारू खराब होऊ नये म्हणून लावतात," होल्गर म्हणाला.

"ते ठीक. पण हा रंग? बाबा दुकानात जाऊन म्हणाले असतील, बाई, पोवळ्याच्या रंगाचं द्या?"

इर्मेलाने कॉफीची किटली खाली ठेवली.

"माझं आहे ते," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"तुमच्या लग्नाला घेतलं होतं मी. एक संध्याकाळ लावलं. ते म्हणाले, तुझी बोटं पाहुण्यासारखी दिसतायत. मी पुसून टाकलं. बाटली ठेवली होती पण. दोन वर्षांपूर्वी सापडेना." ती सुनेकडे वळली. "मला वाटलं, तू नेलीस."

"मी? हा रंग?"

"मग मी देवाकडे तुझ्यासाठी क्षमाही मागितली होती."

"आई," मारेथा म्हणाली, "ती आता परत घ्या."

सिग्रिड हसली नाही. ती आईच्या हाताकडे पाहत होती. डबा पुढे ओढताना मांडीवरचा हात वर आला होता, डावा, आणि त्याने एक काडतूस उचलून लाल कड्यावर अंगठा फिरवला होता.

"एलियास," सिग्रिडने विचारले, "बाबा ही काडतुसं मारून बघत होते तेव्हा तू होतास ना?"

"पुठ्ठा कोण लावत होतं मग? माकड?"

"कुणासाठी करतोय म्हणाले?"

एलियासने मग पायरीवर ठेवला. त्याला घाई नव्हती. या घराण्याला त्याने तीन पिढ्या वाट पाहायला लावले होते आणि ते दरवेळी थांबले होते.

"मला काही सांगितलं नाही. मी पुठ्ठ्याचा माणूस. पण रोज मला कार्यशाळेत बोलवायचे. एलियास, सरळ उभा राहा. रिकामी बंदूक द्यायचे, डाव्या खांद्याला लाव म्हणायचे. डोळे मीट, वर आण, उघड, काय दिसतं? मी मनात म्हटलं, बिबळ्याचं ओझं आहे म्हाताऱ्याच्या मनावर, जाताना मला देऊन जातोय. मी खूश. मी म्हटलं, मालक, पण मी तर उजवा. तर म्हणाले, गप्प उभा राहा, तुझ्या हाताशी मला काय करायचंय. तुझी उंची मोठ्या बाईंएवढी आहे म्हणून बोलावलंय."

तो पुन्हा मगाकडे वळला. "मग मला कळलं. मी महिनाभर रुसलो होतो. त्यांच्या लक्षातही आलं नाही."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?" होल्गर म्हणाला.

"उलटं बोलू नये मालकांना, पण कुणी विचारलं? दोघं भावंडं वर्षभर भांडताय, माझी की डॉक्टरची. आणि ते म्हणाले होते, पहिलं धुकं पडलं की मी स्वतः देईन. स्वतः देणार होते. मी कोण मध्ये देणारा?"

इर्मेला उठली. तिला बसून राहता येईना आणि जायला कुठे नव्हते, म्हणून ती टोपीच्या खुंटीपर्यंत गेली. अठ्ठावीस वर्षे तो कपात पाहत होता असे ती समजत होती. त्या कपातून त्याने इतकी वर्षे काय पाहिले असेल? तिची सुरी डावीकडून उजवीकडे जाताना त्याने किती वेळा पाहिले असेल, आणि दरवेळी नजर वळवली असेल, आणि वळवलेली नजर कुठेतरी साठत गेली असेल? आयुष्यभर एक शब्द न बोललेला माणूस शेवटच्या हिवाळ्यात करवत घेऊन बसला. बोलायला त्याला दुसरे काही येत नव्हते.

"पुरी झाली नाही ती," ती पाठमोरीच म्हणाली.

"थोडं राहिलंय," सिग्रिड म्हणाली. "गालाजवळ. रेघ मारून ठेवलीय त्यांनी."

कॉफीची मुदत टळून गेली होती. बंदूक सरळ करायला डब्यातली काडतुसे लागणार नव्हती, होल्गर ते जाणून होता. निशाणाची मागची खाच दोन केस खाली उतरवली, मोठी काडतुसे घातली, तुकडा परत चिकटवला की आजही ती सिग्रिडची होत होती. ते सिग्रिडही जाणून होती. तिने भावाकडे पाहिले. तो तिच्याकडेच पाहत होता, आणि या हिवाळ्यात पहिल्यांदा त्या नजरेत पैज नव्हती.

"छोटा रंधा आण," ती त्याला म्हणाली. "बारीक पात्याचा. आणि काचपेपर."

*

इर्मेला पात्राच्या काठाशी उभी राहिली. उन्हे बाभळींच्या शेंड्यांवर गेली होती. सिग्रिडने रिकामी रायफल तिच्या हातात दिली.

"डोळे मीट, आई. वर आण. आता उघड. काय दिसतं?"

"नळी. खूप नळी. आणि टोकाची ती नेमाची माशी, खाचेच्या वर, एकटीच आकाशात."

सिग्रिडने दस्ता गुडघ्यांत धरला आणि रंधा फिरवला. अक्रोडाचा पातळ, तपकिरी पापुद्रा गुंडाळत वाळूत पडला. बाबांच्या रेघेच्या जवळ, रेघ न पुसता. ती हात हलका ठेवत होती; जबड्यात हिरडी असते, इथे तिच्या आईचा गाल होता.

"पुन्हा."

"माशी खाली आली. अजून थोडी वर आहे."

पुन्हा पापुद्रा. प्रत्येक पापुद्र्यासरशी बंदूक तिच्यापासून केसभर दूर जात होती, हे तिच्या हातांना कळत होते, आणि हात थांबत नव्हते. वीस वर्षे तिला बाबांनी काहीतरी करायला सांगावे असे वाटत होते. त्यांनी सांगितले ते हेच, आणि ते तिच्यासाठी नव्हते, आणि तरी ते तिच्याच हाताने पुरे व्हायचे होते.

"पुन्हा."

इर्मेलाने डोळे मिटले. दस्ता खांद्याच्या खोबणीत आला, गाल लाकडावर उतरला. तिने डोळे उघडले आणि नळी तशीच धरून ठेवली.

"आई?"

"मधोमध," ती म्हणाली. "हलतसुद्धा नाहीये."

होल्गर न सांगता तिच्या मागे जाऊन उभा राहिला, लाथ बसली तर पाठीला आधार हवा म्हणून. मारेथा कानांवर हात ठेवून लांब उभी होती. सिग्रिडने लाल कड्याची तीन काडतुसे भरून दिली.

आवाज पात्रातून वर गेला आणि टेकड्यांवरून परत आला. इर्मेला एक पाऊलही मागे हलली नाही. कुणी शिकवले नसताना तिच्या डाव्या हाताने बोल्ट उचलला, ओढला, ढकलला. रिकामे काडतूस डावीकडे उडून वाळूत पडले. तिचा डोळा निशाणावरून हलला नव्हता. त्या हाताला चौसष्ट वर्षे कुणी काही करू दिले नव्हते, आणि त्याला सगळे येत होते.

वारुळाआडून एलियास निघाला. पुठ्ठ्यापाशी गेला. या वेळी त्याने वीत दाखवली नाही. नुसता तळहात पुठ्ठ्याच्या मध्यावर ठेवला आणि उभा राहिला.

"डहाळी?" इर्मेलाने लांबूनच विचारले.

"पुठ्ठ्याच्या हरणाला डहाळी देत नाहीत, बाई," तो ओरडला. "उद्या."

होल्गरने गाडीतून फॉर्म आणला आणि बॉनेटवर पसरला. "डॉक्टरांना मी काय सांगू आता?"

"सांग," मारेथा म्हणाली, "घरातच एक डावखुरं माणूस निघालं. दाराआड होतं."

इर्मेलाने कोऱ्या जागेत स्वतःचे नाव लिहिले. उजव्या हाताने. "लिहिणं याच्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "बिचाऱ्यानं शिकून घेतलंय."

मग ती सिग्रिडकडे वळली. मुलीच्या नाकाखाली सकाळचे रक्त वाळून तपकिरी झाले होते. इर्मेलाने अंगठा ओला करून ते पुसले, डाव्या हाताचा, आणि तिच्या खिशातून डोकावणारा लाकडाचा तुकडा बाहेर काढून पाहिला. एका अंगाला फोल्कमारच्या खांद्याचे तेल, दुसऱ्या अंगाला करवतीची कोरी वाट.

"हा नीट ठेव," ती म्हणाली. "माझ्यानंतर परत जोड. तुझ्या मापाची होईल."

सिग्रिडने तुकडा घेतला. दोन बोटे अक्रोड. हातात धरले तर कशाचेही वजन नव्हते. ते लाकूड पुन्हा जोडायची वेळ कधी येऊ नये असे तिला वाटले, आणि ती यावी असेही वाटले. दोन्ही इच्छा तिने एकाच मुठीत मिटल्या आणि मूठ डाव्या खिशात घातली.

एलियास वारुळाआड परतला होता. मागे इर्मेलाने बंदूक पुन्हा खांद्याला लावून डोळे मिटले होते.

"थांब," ती होल्गरला म्हणाली, "आधार नको. बाजूला हो. दोन उरलीयत अजून."